पावसाळ्यात रेझिन फेसाळतंय? आधी बघा काय काय सादळलंय

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते गणपती जाईपर्यंत माझ्याकडे दरवर्षी एकच रडगाणं असायचं. एप्रिल-मेमध्ये ज्या साच्यातून, ज्या बाटल्यांतून एकदम कडक पीस निघाले, त्याच साच्यातून जुलैत ढोकळा निघायचा. अक्षरशः ढोकळा. बाहेरून बरा दिसायचा पण ओतायच्या तोंडाचा दांडा कापला की आत सगळी जाळी, आणि कधीकधी तर रेझिन त्या तोंडातून फुगून वर यायचं, गॅसवर दूध विसरल्यावर उतू जातं ना तसं. तीन पावसाळे ह्यात घालवले, बरेच पैसेही घालवले, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांना घाई आहे त्यांनी खाली कपाची टेस्ट आहे तेवढी वाचा आणि पळा.

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. डोंबिवलीत फ्लॅट, बंद केलेली गॅलरी, तिथेच सगळा पसारा. रेझिन म्हणजे पॉलियुरेथेन, दोन बाटल्यांवालं, मिसळलं की तीन मिनिटांत घट्ट व्हायला लागतं आणि अर्ध्या तासात साच्यातून काढता येतं. साचे सिलिकॉन रबरचे, दोन भागांचे. आणि ओततो काय तर घोरपडी. हसू नका. टेबलावर खेळायच्या युद्धाच्या खेळासाठी माझी गॉब्लिनची, म्हणजे गोष्टीतल्या बुटक्या राक्षसांची, फौज आहे, २८ मिलीमीटर स्केलच्या छोट्या बाहुल्यांची (ह्यांनाच मिनिएचर म्हणतात), आणि प्रत्येकाच्या गॉब्लिनकडे लांडगेच असतात म्हणून मी ठरवलं की आपले गॉब्लिन घोरपडीवर बसणार. आपण सगळे सिंहगडाच्या यशवंतीची गोष्ट ऐकत मोठे झालोय, घोरपड कड्यावर चढते तर गॉब्लिनला घेऊन का नाही चढणार. मास्टर, म्हणजे ज्याच्यावरून साचा काढतात तो मूळ नमुना, पूर्ण माझा: तारेचा सांगाडा, त्याच्यावर एम-सीलचं अंग, वरून ग्रीन स्टफचे (मॉडेलिंगची हिरवी पुट्टी) डोळे, नखं आणि गळ्याखालच्या घड्या. खवल्यांसाठी एम-सील अर्धवट आवळत आलं असताना मच्छरदाणीचा तुकडा ओला करून दाबला, काय टेक्स्चर आलंय म्हणून सांगू. वरचे स्वार मात्र विकत घेतलेले प्लॅस्टिकचे, त्यांची मांडी कापून, वाकवून, एकेकाला हाताने बसवतो. ते ओतत नाही. दुसऱ्याच्या मिनिएचरचा साचा काढून कॉप्या मारणं ही चोरी आहे, त्याबद्दल काही विचारू नका. आपण बनवलेलं आपण ओतावं, त्यात कोणाच्या बापाचं काही जात नाही.

तर पहिल्या पावसाळ्यात मी सरळ दुकानदाराला शिव्या घातल्या. जुना माल दिला, भेसळ केली वगैरे. नवीन किट आणलं, पहिले दोन दिवस मस्त, आठवड्याने परत जाळी. दुसऱ्या वर्षी मला वाटलं मीच जोरात ढवळतोय आणि त्यातून हवा आत जातेय, मग इतकं हळू ढवळायला लागलो की मिसळायचंच नाही नीट, घोरपडी एका बाजूला कडक आणि एका बाजूला चिकट. तिसऱ्या वर्षी म्हटलं आता हे कायमचं संपवूया, आणि प्रेशर पॉट घेतला.

प्रेशर पॉटचं तत्त्व सोपंय. रेझिन ओतलं की साचा पॉटमध्ये ठेवायचा आणि हवा भरून दाब ४५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) न्यायचं. वातावरणाचा दाब धरून आतला एकूण दाब जवळपास चौपट होतो, म्हणजे बुडबुड्याचं आकारमान चौथाईवर येतं, आणि बारीक बुडबुडे तर रेझिनमध्ये विरघळूनच जातात. उन्हाळ्यात हे जादूसारखं चालतं. पावसाळ्यात मी ओतलं, पॉटमध्ये ठेवलं, पंचवीस मिनिटांनी हवा सोडली, घोरपड काढली, एकदम झकास. चहा पिऊन आलो तर घोरपड गाभण! पोट फुगलेलं, पाठीवरचे खवले ताणलेले. नंतर कळलं की दाबाखाली गॅस आत गप्प बसलेला होता आणि रेझिन पूर्ण आवळायच्या आत मी दाब काढला तेव्हा त्याने हातपाय पसरले. म्हणजे पॉटने रोग बरा केलाच नव्हता, फक्त लपवला होता. (आणि जाता जाता, किचनमधला कुकर कम्प्रेसरला जोडून प्रेशर पॉट करायचा विचारही करू नका. तो साधारण १५ पीएसआयच्या वाफेसाठी बनवलेला असतो, ४५ची हवा भरली तर झाकण छताला.)

उत्तर मिळालं ते आईमुळे. श्रावणात कधीतरी मी पापडांचा डबा काढला, दोन पापड घेतले आणि झाकण नुसतं टेकवून गेलो. दुसऱ्या दिवशी आईने डबा माझ्यासमोर आपटला. "झाकण उघडं टाकलंस तर सादळणारच ना रे! मिठाच्या बरणीत तांदूळ का टाकते मी, शोभेला?" आणि माझ्या डोक्यात एकदम लखकन प्रकाश पडला, कारण रेझिनच्या बाटलीचं झाकणसुद्धा मी असंच नुसतं टेकवतो, दर वेळी हातमोजे चिकट असतात म्हणून.

रेझिन सादळतं. बस, एवढंच आहे सगळं. पण पापड सादळला तर परत भाजता येतो, ह्याचं तसं नाही. पॉलियुरेथेनच्या दोन बाटल्यांपैकी एकीत आयसोसायनेट असतं आणि दुसरीत पॉलिऑल. दोघं एकमेकांशी जोडले जावेत ही अपेक्षा. पण आयसोसायनेटला पाणी दिसलं की ते पाण्याशीही तितक्याच आवडीने संसार थाटतं, आणि त्या प्रतिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. गाद्यांचा आणि सोफ्याचा फोम ह्याच केमिस्ट्रीवर फुगवतात, तिथे पाणी मुद्दाम घालतात. आपण नकळत घालतो. किती पाणी लागतं ह्याचा हिशोब मी एकदा बसून केला: पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅम, तो सगळाच्या सगळा कामाला लागला तर त्यातून ६५ ते ७० मिलीलिटर गॅस सुटतो, एक कटिंग चहा होईल एवढा. माझी एक घोरपड सात मिलीलिटरची. म्हणजे थेंबाचा दहावा हिस्सा पाणी मिळालं तरी घोरपडीएवढाच गॅस. थेंबाचा दहावा हिस्सा डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

मग प्रश्न, हे पाणी येतंय कुठून. झाकणाचं तर कळलं, पण मी झाकणं घट्ट लावायला लागलो तरी त्रास थोडाच कमी झाला. इथे दुसरी गंमत झाली. लेबलवर लिहिलेलं असतं थंड आणि कोरड्या जागी ठेवा, म्हणून मी बाटल्या आणि साचे दोन्ही बेडरूममध्ये ठेवायचो, एसी चालतो तिथे, २३ डिग्रीला. वास आणि वाफा नकोत म्हणून ओतायला गॅलरीत. एक दिवस बेडरूममधून गॅलरीत आलो आणि चष्म्यावर वाफ धरली, काही दिसेना, आणि तसाच हातातल्या साच्याला हात लागला तर तो दमट. बाहेर २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेचा दवबिंदू साधारण २५ डिग्रीवर असतो. म्हणजे २५च्या खालची कुठलीही वस्तू त्या हवेत आणली की तिला घाम फुटणार. चष्मा पुसता येतो, पण साच्याच्या आतल्या नखांच्या खाचांमधलं दव कोण पुसणार? आणि त्या थंडगार बाटलीचं झाकण मी तिथेच उघडायचो, म्हणजे आत दमट हवा आणि आतल्या भिंतीवर पाणी. वर्षानुवर्षं मी काळजी घेतोय असं समजून स्वतःच पाणी घालत होतो.

आता कपाची टेस्ट. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि फुकट आहे. पुढच्या वेळी ओताल तेव्हा मिसळलेल्या रेझिनमधलं थोडं एका कोरड्या, नवीन प्लॅस्टिकच्या कपात तसंच सोडून द्या. प्रेशर नाही, साचा नाही, काही नाही. अर्ध्या तासाने कपातला तुकडा करवतीने कापून बघा. कपातपण जाळी असेल किंवा वरचा भाग फुगून घुमटासारखा झाला असेल तर तुमचं रेझिनच सादळलंय (नाहीतर ढवळायची काडी किंवा कप, त्याबद्दल पुढे). कपातला तुकडा आतून घट्ट आणि साच्यातला पीस जाळीदार, तर पाणी साच्यात आहे. आणि कप घट्ट, पीससुद्धा आतून घट्ट, फक्त नखं किंवा शेपटीचं टोक गायब, तर बाबा तो पाण्याचा प्रश्नच नाही, तिथे हवा अडकलीय आणि तुम्हाला साच्यात हवेची वाट काढायला हवी.

हा शेवटचा फरक लोक सगळ्यात जास्त चुकवतात. अडकलेल्या हवेचा बुडबुडा दर वेळी त्याच जागी येतो, गोल आणि गुळगुळीत असतो, आणि ओतताना जी जागा सगळ्यात वर असते तिथे बसतो. माझ्या घोरपडीच्या पुढच्या डाव्या पंजाचं मधलं बोट पहिल्या बावीस पीसमध्ये एकदाही आलं नाही. ब्लेडने त्या बोटाच्या टोकापासून साच्याच्या जोडापर्यंत केसाएवढी चीर दिली, त्यानंतर एकदाही चुकलं नाही. ओतायच्या आधी साच्यात टाल्कम पावडर ब्रशने भुरभुरायची आणि साचा उलटा करून आपटून जास्तीची झटकायची, ही युक्तीपण त्यासाठीच, पावडरमुळे रेझिन बारीक खाचांमध्ये ओढलं जातं. सादळलेल्या रेझिनचे बुडबुडे असे शिस्तीत नसतात. ते सगळीकडे असतात, बारीक असतात आणि दर पीसला वेगळे.

आणखी एक तोतया आहे. पीसवर खड्डे नाहीत, उलट मस उगवलेत, छोटे गोल मणी. तो रेझिनचा दोष नाहीच, साचा बनवतानाच सिलिकॉनमध्ये बुडबुडे राहिलेत आणि रेझिन त्यात भरतंय. साचा नुसता हवेत ओतून बनवला आणि नंतर त्यात प्रेशरखाली कास्टिंग केलं तरी हे होतं, कारण मास्टरच्या पृष्ठभागाजवळ सिलिकॉनमध्ये लपलेले बुडबुडे दाबाने चेपतात आणि तिथे रेझिन घुसतं. प्रेशरमध्ये कास्ट करणार असाल तर साचासुद्धा तितक्याच प्रेशरमध्ये बनवा. मस ब्लेडने खरवडता येतात, पण मच्छरदाणीच्या खवल्यांवर आले तर बसा रडत.

बरं, उपाय. मी आता जे करतो ते सांगतो, त्यातलं तुमच्या घरात जे जमेल ते घ्या.

बाटल्या बेडरूममधून हलवल्या. आता त्या गॅलरीतल्याच कपाटात असतात, बाहेरच्याच तापमानाला, झिप लॉकच्या जाड पिशवीत, सोबत सिलिका जेलची मूठभर दाणेदार पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की समजायचं पोट भरलं. गरम करून ते परत वापरता येतात पण निळ्यामध्ये कोबाल्ट असतं, तेव्हा जेवणाच्या ओव्हनमध्ये नाही. मोठं किट आणलं की त्याच दिवशी छोट्या कोरड्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरतो, म्हणजे दर वेळी मोठा साठा उघडावा लागत नाही आणि वर हवेला जागाच राहत नाही. बाटली दाबता येणारी असेल तर झाकण लावायच्या आधी दाबून हवा घालवायची. आट्यांना बोटभर व्हॅसलीन, नाहीतर आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी आवळून झाकण कायमचं चिकटतं. एसीच्या खोलीत ठेवणं भागच असेल तर वापरायच्या तीन-चार तास आधी बंद बाटली बाहेर आणून ठेवा, आणि ती बाहेरच्या हवेएवढी गरम झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

साचे. ओतायच्या आधी जुन्या ओटीजीत ६० डिग्रीला तासभर. हा ओटीजी फक्त ह्याच कामाचा आहे, त्यात परत केक होणार नाही, बायकोकडून लेखी घेतलंय. रबर उष्णता हळू पोचवतं म्हणून दहा मिनिटांत काढून हात लावून गरम वाटलं तरी आत गार असतो, तासभर म्हणजे तासभर. मग काढून हाताला कोमट लागेल इतपत निववायचा आणि लगेच ओतायचं. कोमट साच्यावर दव धरायचा प्रश्न नाही आणि रेझिन पातळ होऊन बोटाबोटांत जातं. फक्त वेळ कमी मिळतो, तीन मिनिटांचं रेझिन दोनच मिनिटांत दाटतं, तेव्हा आधी सगळं मांडून ठेवा. टाल्कम पावडरचा डबासुद्धा तिथेच वाळवून घ्या, पावसाळ्यात तीही सादळलेली असते, बोटांत धरली की गोळा होते ते त्याचंच लक्षण.

कप आणि काडी. इथे मी स्वतः मूर्खासारखा दोन वर्षं आइस्क्रीमच्या लाकडी काड्या वापरत होतो. लाकूड आणि कागद दोन्ही ओलावा धरून बसतात. आता प्लॅस्टिकचे कप आणि स्टीलच्या चमच्याची मागची बाजू. आणि ह्याहून मोठा मूर्खपणा: पांढऱ्या पीसवर डिटेल दिसत नाही म्हणून मी रेझिनमध्ये काळ्या अॅक्रिलिक रंगाचे दोन थेंब टाकून ते करडं करायचो. अॅक्रिलिक म्हणजे पाण्यातलाच रंग की हो! उन्हाळ्यातसुद्धा अधूनमधून जाळी का येते ते त्यावरून उलगडलं. रंग द्यायचाच तर रेझिनसाठी मिळणारी पाणी नसलेली पेस्ट किंवा वाळवलेली कोरडी पिगमेंट पावडर.

सादळलेलं रेझिन वाचवता येतं का? पॉलिऑलची बाजू कोमट करून व्हॅक्यूममध्ये ठेवली तर बऱ्यापैकी सुधारते. आयसोसायनेटची बाजू नाही, तिथे प्रतिक्रिया होऊन गेलेली असते. त्यात पांढरी साय किंवा तुकडे तरंगत असतील तर ती बाटली गेली. ती फेकताना मात्र घाई करू नका, आणि आत पाणी शिरलेल्या आयसोसायनेटची बाटली घट्ट बंद करून तर अजिबात ठेवू नका, आत गॅस तयार होत राहतो आणि बाटली फुगते, फुटूही शकते. मी उरलेलं पॉलिऑल मिसळून त्याचा ढेकूळ होऊ देतो, उघड्यावर, मगच टाकतो. बेसिनमध्ये ओतू नका.

आणि हो, मास्क. साधा कापडी नव्हे, सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला रेस्पिरेटर, आणि नायट्राइलचे हातमोजे. आयसोसायनेटची एकदा अॅलर्जी बसली की पुढे थोड्याशा वाफेनेही दम्यासारखा त्रास होतो आणि ती सहसा जात नाही. घोरपडीसाठी फुप्फुसं घालवू नका.

काही जण म्हणतील पॉलियुरेथेन सोडूनच द्या ना. द्या की. इपॉक्सी, ते घड्याळं आणि ट्रे बनवायला सगळीकडे मिळतं ते, पाण्यावर असं फेसाळत नाही. पण आवळायला चोवीस तास लागतात, बारीक टोकं लवचिक राहतात, आणि दमट हवेत वर तेलकट चिकट थर धरतो, तो साबणाने धुवावा लागतो. त्यात प्रमाण वजनाने की मापाने हे नीट वाचा, दोन्ही आकडे वेगळे असू शकतात, अर्ध्या चिकट कास्टिंगचं कारण तेच असतं. फायबरच्या दुकानात मिळणारं पॉलिएस्टर स्वस्त आहे पण वास असा की सोसायटीची मीटिंग बसेल, आणि त्यातलं कोबाल्ट (आवळणं जलद करणारं) आणि हार्डनर हे दोन कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं आणि मगच हार्डनर.

धातूचा पर्यायही आहे. वॉरहॅमर हा मिनिएचरचा युद्धखेळ १९८३ साली आला तेव्हा मिनिएचर म्हणजे शिसं-कथलाच्या मिश्रधातूचीच असायची. आता शिसं नको, ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथिल असं मिश्रण १३८ डिग्रीलाच वितळतं, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन साच्यात ढाली आणि भाले त्यातून छान येतात. धातू काही सादळत नाही. पण साचा ओला असेल तर इथे फेस येत नाही, वाफ होऊन गरम धातू तोंडावर उडतो. म्हणजे साचा वाळवण्यापासून इथेही सुटका नाही, उलट जास्तच.

एक गमतीची गोष्ट. साच्याचं सिलिकॉन जर टिनवालं (टिनच्या उत्प्रेरकाने आवळणारं) असेल तर त्याला आवळायला हवेतला ओलावा लागतोच, म्हणून पावसाळ्यात ते नेहमीपेक्षा लवकर आवळतं आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत रेंगाळतं. त्यामुळे मी आता उलटं वेळापत्रक केलंय: साचे पावसाळ्यात बनवायचे, कास्टिंग दिवाळीनंतर. प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने आवळणारं) सिलिकॉन असेल तर त्याचं दुखणं वेगळं, मास्टर बसवायला गंधक असलेली क्ले वापरली की ते क्लेला लागून चिकटच राहतं, कितीही दिवस थांबा. तो ओलाव्याचा दोष नाही, क्ले बदला.

रंगाचं थोडक्यात. इतकं करून निघालेल्या चांगल्या पीसवर लोक रंगात पाणी आणतात. पीस आधी भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, नाहीतर पीस सुटावा म्हणून साच्यात लावलेलं रिलीज आणि पावडर राहून प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) माशाच्या डोळ्यासारखे गोल सोडत सुकतो. धुतल्यावर एक अख्खा दिवस वाळू द्या. आणि पावसाळ्यात गॅलरीत स्प्रेचा मॅट वार्निश मारू नका. मी माझ्या पहिल्या घोरपडस्वारावर, चौदा तास रंगवलेल्या, हिरव्यावर पिवळं, पिवळ्यावर हाडाचा रंग असं एकेक खवलं उजळलेल्या पीसवर तो मारला आणि पाच मिनिटांत त्याच्यावर पिठाची गिरणी बसली. पांढराफटक. स्प्रेमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि वार्निशच्या थरात अडकतं. तोच घाम, तोच चष्मा. बहुतेक वेळा ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात दिला की पांढरेपणा विरतो, तो पूर्ण सुकला की ब्रशनेच मॅट. माझा वाचला, एका डोळ्यापाशी अजून थोडं धुकं आहे, म्हातारी घोरपड म्हणून खपवतो.

फसलेल्या ढोकळा-घोरपडी मी फेकत नाही. हातोडीने फोडल्या की त्या जाळीदार तुकड्यांवर काळा प्रायमर आणि वरून करड्याचा कोरडा ब्रश, लाव्हाचा दगड होतो. सध्या चाळीस गॉब्लिनच्या बेसवर आणि एका अख्ख्या डोंगरावर तेच लागलेत, पुढच्या वर्षी लागणारे तुकडे अजून डब्यात आहेत.